कोशिंबिरीचा मान

गावात कुणाकडे कसला मान असतो, कुणाकडे कसला. कुणी पालखीला पहिला खांदा देतो, कुणी देवीपुढं पहिला नारळ फोडतो, तर कुणाकडे नुसती मशाल धरायचं काम असतं आणि तेवढ्या जोरावर तो वर्षभर मिशीला पीळ देत हिंडतो. अलिबागेहून रेवदंड्याकडे जाताना आमची बोरवाडी लागते. समुद्र हाकेवर आणि गाव नारळी-पोफळीत बुडालेलं. या बोरवाडीत एका घराकडे कोशिंबिरीचा मान होता. हसायचं काम नाही! चैत्री पुनवेला गावदेवी सोमजाईची जत्रा, जत्रेच्या दुपारी देवळापुढं गावजेवण, आणि त्या जेवणात शतावरीच्या कोवळ्या कोंबांची कोशिंबीर. ती पंगतीतल्या प्रत्येक पानावर पडल्याशिवाय कुणी भाताला हात लावायचा नाही. मग तो पाटील असो नाहीतर पाटलाचा सासरा.

ती कोशिंबीर करायची राही, धर्माजी माळ्याची बायको. अंगानं काटकुळी, पण आवाज असा की रहाटाची कुरकुर चालू असताना चार वाड्या पलीकडं ऐकू जावा. आणि मानी तर विचारू नका. शेजारणीकडून वाटीभर गूळ उसना आणला तर परत करताना वाटी शिगोशीग भरून द्यायची, वर म्हणायची, "मोजून घे गो, कमी पडला तर सांग." समोरची बिचारी लाजून जायची.

राही लग्न होऊन आली तेव्हा जर्मनची लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली असतील. माहेर खारेपाटातलं, भातशेतीचं. तिकडं शतावरी म्हणजे कुंपणावरची काटेरी वेल, आणि फार तर बाळंतिणीला दुधातून द्यायची मुळी. तिचे कोंब माणसं खातात हे तिच्या गावीही नव्हतं. सासू मनुबाईनं पहिल्याच चैत्रात कोंबांची टोपली पुढ्यात ठेवली, तेव्हा ही शहाणी विळी घेऊन बसली. मनुबाईनं हातातला डाव फाडकन तिच्या मनगटावर हाणला.

"लोखंड लावायचं न्हाय त्याला!"

"का वो आत्याबाय?"

"सोमजाईला चालत न्हाय. आनि उलट विचारलेलं मलाबी चालत न्हाय."

पण कारण कळल्याशिवाय स्वस्थ बसणारी राही नव्हे. बोटांनी कोंब मोडता मोडता तिला आपसूकच ते सापडलं. कोंब दोन्ही टोकांना धरून हळू वाकवला की कोवळेपण जिथं संपतं तिथंच तो कट्कन मोडतो. वरचं आपण खायचं, खालचं गुरांना घालायचं. विळीला हे कसं कळावं? ती लोणीही कापते आणि दोरखंडही. पुढच्या चैत्रात राही सासूला म्हणाली, "आत्याबाय, सोमजाईचं मला ठाव न्हाय, पन दातांना चालत न्हाय म्हनून लोखंड लावायचं न्हाय." मनुबाईनं डोळे वटारले, आणि मग अशी काही हसली की तोंडातली मशेरी पदरावर उडाली. त्या दिवसापासून शतावरीची आळी राहीच्या ताब्यात आली.

ती तिनं पोटच्या पोरासारखी सांभाळली. पोटी काही नव्हतंच, आणि त्यावरून टोमणे मारणाऱ्या बायकांना ती सरळ सांगायची, "माझी पोरं पाटाच्या कडेला उभी हायत, मोजून घ्या." माघात वाळक्या वेली बुंध्याशी छाटायच्या, आळ्यात कुजलेलं शेणखत घालायचं, वर भाताचा पेंढा आणि झावळ्या अंथरायच्या आणि दिवसाआड रहाटाचं पाणी सोडायचं. रानातली शतावरी पावसाची वाट बघत बसते. राहीची चैत्रात फुटायची. पेंढ्याखाली ऊन लागत नसल्यामुळं कोंब पांढरट निघत, शेंड्याला तेवढी जांभळी झाक. वेलीच्या काट्यांनी तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडलेले असत. कुणी विचारलं तर हात पुढं करून दाखवायची, सोन्याच्या बांगड्या दाखवाव्यात तसे.

गावाच्या दक्षिणेला मोहल्ला. तिथली झुबेदा राहीची मैत्रीण. दोघींची गट्टी पाण्यावरून झाली, म्हणजे आधी विहिरीवर कडाक्याचं भांडण आणि मग गट्टी. झुबेदाचा नवरा वली आगबोटीवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी होता. एकदा रजेवर आला आणि राहीच्या वाडीतले कोंब बघून डोळेच विस्फारून उभा राहिला. म्हणाला, "अगो वैनी, आमच्या बोटीवर साहेबलोक हेच खातात! चांदीच्या चिमट्यानं एकेक उचलतात आणि वर लोणी ओततात."

राही म्हणाली, "मग सायबाला थोडी अक्कल हाय म्हनायची."

पण गोष्ट तिच्या डोक्यात गेली. पुढं कित्येक महिने ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "आपली कोशिंबीर इलायतेत जाते." धर्माजी म्हणायचा, "कोशिंबीर न्हाय गो, तिकडं तिकडची शतावर खातात." तर म्हणे, "तेच ते." झुबेदानं वलीसाठी म्हणून दोन गड्डे मागितले, तेव्हा राहीनं सहा दिले, स्वतः जाऊन तिच्या विहिरीच्या कडेला लावून दिले आणि वर दम भरला, "पानी चुकवलंस तर परत उपटून नेईन."

धर्माजी गरीब स्वभावाचा. पुनवेला कोशिंबिरीची पितळी परात डोक्यावर घेऊन देवळापर्यंत जायचा तो, कारण मान घरातल्या पुरुषानं वाहायचा अशी रीत. राही मागून बायकांच्या घोळक्यात. पानावर कोशिंबीर पडली की लोक म्हणत, "धर्माजी, यंदा झ्याक झालीय." धर्माजी मान मागं वळवून राहीकडं बघायचा. एवढंच. पण तेवढ्या एका नजरेवर राहीचं वर्ष निघायचं.

चौतीस सालच्या भादव्यात धर्माजीला ताप आला आणि तो उतरलाच नाही.

वाडी धाकट्या भावाकडं, भागोजीकडं गेली. त्या काळात रीतच तशी होती. राहीला मागची खोली आणि मागच्या दारचा एवढासा तुकडा मिळाला. याबद्दल ती कुणाला एक शब्द बोलली नाही. भागोजी तसा वाईट माणूस नव्हता. भाताची करंडी वेळेवर पाठवायचा, त्याची बायको केसर सणाला गोडधोड आणून द्यायची. पण फाल्गुनात देवळात गावकी बसली आणि पंचांनी ठरवलं की कोशिंबिरीचा मान आता भागोजीच्या घराकडं. आणि राहीनं त्याला हातसुद्धा लावायचा नाही. देवीच्या जेवणात विधवेचा हात कसा चालेल?

हे सांगणारा दुसरा कुणी नव्हता, देवळातला हिरामण गुरव होता. खाली बघत बोलला बिचारा, पण बोलला. राही बाहेर पारापाशी उभी होती. तिथूनच तिचा आवाज आत गेला.

"गुरव, आजवर माझ्या हातचं खाल्लंत, मागून मागून खाल्लंत. नवरा माझा गेला, हात न्हाय गेला. हात तोच हाय."

पंच मंडळी एकमेकांच्या पागोट्यांकडं बघत बसली. राही घरी आली, दाराला कडी घातली आणि धर्माजी गेला तेव्हाही रडली नव्हती एवढी रडली. वाडी गेली तिचं दुःख पचलं होतं. पण धर्माजी गेल्यावर तिचं म्हणून गावात काही उरलं होतं तर तो हा मान. आता ती कोण होती? भागोजीच्या मागच्या खोलीत राहणारी एक बाई.

भागोजीला मात्र उत्साहाचं भरतं आलं. भावाच्या घरची कोशिंबीर चांगली व्हायची काय, मी दुप्पट करून दाखवतो! आता हा माणूस नारळाचा. नारळाला काय घातलं की घड लगडतात हे त्याला पक्कं ठाऊक: कोळीवाड्यातून आणलेली सुक्या मासळीची कुटी. आमच्या किनाऱ्यावर माडाला दुसरं खत माहीत नाही. भागोजीनं शतावरीच्या आळ्यांवरचा पेंढा बाजूला सारला आणि चांगली हातभर जाड कुटी पसरली.

राहीनं मागच्या दारातून बघितलं आणि तिला राहवलं नाही. "भाऊजी, पेंढा का काढलात? कोंब हिरवे पडतील, निबर होतील."

"वैनी, आता वाडी मी बघतो न्हवं?" भागोजी म्हणाला. रागानं नाही, पण म्हणाला.

राहीनं दार लोटून घेतलं. सांगायचं ते सांगून झालं. आता जीभ दाताखाली धरायची. कुटीबद्दल मात्र तीही काही बोलली नाही, आणि खरं सांगायचं तर तिच्या ध्यानातच आलं नाही. अहो, बोरवाडीत मासळीचा वास कुणाला येतो? वाळवणावर बोंबील, छपराखाली सुकट, वाऱ्यावर कोळीवाडा. जन्मल्यापासून नाकात तेच. आपल्या घामाचा वास आपल्याला कळत नाही, तसं ते. त्या कुटीतून कोंब वर आले, जाड, रसरशीत, अंगठ्याएवढे. सगळं गाव बघायला लोटलं. भागोजी शर्टाची गुंडी उघडी टाकून वाडीत हिंडायला लागला. राहीनं एकदा कुंपणापलीकडून बघितलं आणि पुन्हा तिकडं फिरकली नाही, कारण कोंब खरंच दणदणीत होते.

पुनवेचा दिवस उजाडला. देवळाकडं ढोल वाजायला लागला तशी राहीनं आपली खोली झाडायला घेतली. झाडून झाली, परत झाडली. जत्रेला जायचं नाही हे तिनं ठरवलं होतं. झुबेदा आली आणि उंबऱ्यात बसली. तिला ठाऊक होतं आज ही एकटी बसली तर भिंतीशी भांडेल.

"चहा टाक," झुबेदा म्हणाली. "माणूस मेल्यावर चहा पिऊ नये असं कुठं लिहिलंय?"

चहा उकळत होता तोच समोरून वाजतगाजत भागोजी निघाला. अंगात नवा सदरा, डोक्यावर परात, परातीवर केळीचं पान. मागं केसर आणि नातेवाईक. आणि त्यांच्याही मागं, शेपूट ताठ करून, एक मांजर.

मग दुसरं आलं. मग कौलांवरून तिसरं उतरलं. गल्लीच्या तोंडाशी पोचेस्तोवर बोरवाडीतली झाडून सगळी मांजरं भागोजीच्या मागं रांगेनं चालत होती, आणि प्रत्येकाचं नाक वर.

झुबेदा म्हणाली, "अगो राही, तुझ्या दिराच्या मागं एवढं वऱ्हाड कसलं?"

राहीनं बघितलं, आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कुटी! तिनं तोंडाला पदर लावला. हसू आवरेना. भादव्यापासून हसली नव्हती ती त्या चुलीपुढं बसून पोट धरधरून हसली. मग एकदम थांबली. "देवीचं पान हाय गो ते," म्हणाली आणि चपलासुद्धा न घालता देवळाकडं चालू लागली. झुबेदानं चहाखालचा जाळ ओढला आणि तिच्या मागं निघाली.

त्या पोचल्या तेव्हा पंगती बसल्या होत्या. पानं मांडलेली, भात वाढलेला, वरणाची धार पडलेली. परात मांडवाच्या मधोमध ठेवलेली, आणि भागोजी तिच्याभोवती काठी घेऊन नाचत होता. इकडचं मांजर हाकललं की तिकडून येई. शेवटी एका दांडग्या बोक्यानं केळीच्या पानाखाली तोंड घातलं आणि लांबलचक कोंब घेऊन सगळ्या पंगतीदेखत पसार झाला.

हिरामण गुरव खाली वाकला. हा माणूस जन्माचा शाकाहारी, गावात नाक शाबूत असलेला बहुधा एकटाच. त्यानं वास घेतला आणि सरळ उभा राहिला.

"भागोजी, ही कोशिंबीर हाय का सुकटीचं कालवण?"

मांडवात कालवा झाला. केसर रडत सांगत होती की तीन पाण्यांत धुतली होती हो, देवाशप्पथ. खोटं नव्हतं ते. पण कच्च्या कोंबांना चिकटलेला वास पाण्यानं कुठं जातो? भागोजीचा चेहरा पांढराफटक. परात बाहेर गेली आणि मांजरांची जत्रा झाली.

इकडं भात निवत चालला. पोरं भुकेनं कुरकुरायला लागली. कुणी म्हणालं, नुसत्या कैरीची करा. कुणी म्हणालं, या वर्षी राहू द्या. पण शतावरीशिवाय भाताला हात लावायचा कसा? कुणाच्या बापाची टाप नव्हती. तेवढ्यात चंद्राबाई, पाटलाची म्हातारी आई, बसल्या जागेवरून कडाडली, "अरे, राहीला विचारा की! का तोंडं शिवलीत?"

चंद्राबाई स्वतः विधवा, पण वयानं एवढी की तिला पहिल्या पंगतीतून उठवायची हिंमत कुणाला नव्हती. माणसं इकडंतिकडं बघायला लागली. राही पारापाशीच उभी होती. भागोजी तिच्यापुढं आला. मान खाली.

"वैनी, तुमच्या मागच्या दारचे कोंब... थोडे मिळाले तर केसर करील कोशिंबीर."

राही म्हणाली, "भाऊजी, कोंब मागायला आलात, का कोशिंबीर?"

"कोंब."

"मग न्हाय."

एवढं पुढं आल्यावर आता राहीला मागं फिरता येत नव्हतं, आणि फिरायचंही नव्हतं.

"कोंब पायजे तर हात बी घ्यावा लागंल," ती म्हणाली. "मोडीन मी, कालवीन मी आनि वाढीन बी मीच. मागच्या दारानं पातेलं द्यायची न्हाय. पुढून, पानापानावर. चालत असंल तर बोला, न्हायतर जेवा भात नुसता."

पंचांमध्ये कुजबुज सुरू झाली. हिरामणानं घसा खाकरला. "बाय, देवीचं काम हाय. कौल लावून बघू. देवी उजवा देईल तर..."

"लावा की कौल," राही म्हणाली. "पन फाल्गुनात माझा मान काढलात, तवा का न्हाय लावला?"

खरंच नव्हता लावला. देवीच्या पाषाणाला फुलं चिकटवून विचारायचं, उजवं आधी पडलं तर होकार, हे गावातल्या गाई-म्हशींसाठीसुद्धा व्हायचं, पण त्या दिवशी कुणाला सुचलं नव्हतं. देवीचं नाव घेऊन माणसांनीच परस्पर ठरवून टाकलं होतं. हिरामणानं गाभाऱ्याकडं बघून हात जोडले. मग म्हणाला, "कौल नको. चुकलं आमचं. जा बाय, आन."

राहीनं घराकडं धूम ठोकली. मागच्या दारी न्हाणीच्या पाण्यावर तिनं एक आळं वाढवलं होतं, पण त्यातले कोंब कितीसे? ओंजळ भरली आणि आळं संपलं. राही मटकन खाली बसली. एवढा मोठा तोंडाचा पट्टा सोडून आले, आता काय दाखवू?

"बसलीस काय?" पाठीमागून झुबेदा ओरडली. "माझ्या विहिरीवर काय काटेरी तार लावलीय? ऊठ!"

झुबेदाच्या विहिरीकडं शतावरी माजली होती. वली त्या वर्षी बोटीवरच होता, त्यामुळं कोंब तोडलेच नव्हते. वर पेंढा होता, राहीनं दम भरल्याप्रमाणं पाणीही चुकलं नव्हतं. दोघींनी हात रक्तबंबाळ होईस्तोवर तोडले आणि टोपली भरली.

देवळापुढं तीन दगडांची चूल पेटलेलीच होती. राहीनं सगळ्या गावासमोर मांडी घातली. कोंब धरला, वाकवला, कट्. दुसरा धरला, कट्. उकळत्या पाण्यात घातले, दोनदा सोमजाईचं नाव घेतलं की काढले, लगेच माठातल्या गार पाण्यात टाकले. नाहीतर शिजून त्यांचा गिचका होतो. केसरला हाक मारली. "ये हिकडं, खोबरं खव. आनि रडू नको, खोबरं खारट व्हईल." केसर नाक पुसत खवायला बसली. कैरी बारीक चिरली, हिरवी मिरची ठेचली, कोथिंबीर घातली, चिमूटभर गूळ. खोबरेल तेलात मोहरी तडतडली, हिंग पडलं, आणि तो वास मांडवात फिरला तशी माणसं नकळत पुढं सरकली. मीठ सगळ्यात शेवटी, वाढायच्या तोंडावर, नाहीतर पाणी सुटतं.

मग राही उठली. परात कमरेवर घेतली आणि पहिल्या पानापाशी वाकली. आजवर एवढी वर्षं कोशिंबीर केली, पण वाढली कधीच नव्हती. पानापानावर थोडी थोडी, सगळ्यांना पुरायला हवी. पाटलाच्या पानावर ना जास्त, ना त्याच्या गड्याच्या पानावर कमी. वाढता वाढता तिनं मोठ्यानं सांगून टाकलं, "निम्मी शतावर झुबेदाच्या विहिरीवरची हाय. नंतर म्हनू नका, सांगितलं न्हाय."

पंगतीत एकजण चुळबुळला. "म्हंजे मोहल्ल्यातली?"

"व्हय, मोहल्ल्यातली," राही म्हणाली. "मागं मांजरं आलीत का, बघा."

एवढा वेळ ताणून धरलेला मांडव एकदम फुटला. पाटील हसला, पंच हसले, चंद्राबाईला ठसका लागला. चुळबुळणाऱ्यानं पान पुढं सरकवलं. भागोजी मांडवाबाहेर खांबाला टेकून उभा होता. राहीनं त्याला बोटानं खूण केली, जागा दाखवली, पान मांडलं आणि सगळ्यांना वाढली तेवढीच त्यालाही वाढली. त्यानं वर बघितलं नाही.

शेवटच्या पानावर शेवटची चिमूट पडली. परात निथळली. राहीनं पदरानं घाम पुसला आणि म्हणाली, "चला, बसा जेवायला. भात पार गार झाला."

कुणीही हात लावला नाही.

राहीला कळेना. तिनं पानं बघितली, कुठं सुटलं का. सगळीकडं होती. मग हिरामण म्हणाला, "एक पान राहिलंय."

"कुनाचं?"

चंद्राबाईनं आपल्या शेजारची जागा हातानं थोपटली. म्हातारीनं केव्हाच पान मांडून ठेवलं होतं. भात वाढलेला, वरण घातलेलं, डावी बाजू तेवढी मोकळी. "तुझं गो. ये, बस."

आपण पहिल्या पंगतीला बसू असं राहीच्या मनातही आलं नव्हतं. ती मान मागायला आली होती, जेवायला नाही. "माझ्यासाठी थांबू नका," ती म्हणाली. "परात रिकामी झालीय."

तरीही कुणी हात लावला नाही. सगळं गाव उपाशीपोटी तिच्याकडं बघत बसलेलं. तेवढ्यात भागोजी उठला. स्वतःचं पान दोन्ही हातांवर तोलत पंगतीच्या मधून चालत आला, खाली बसला आणि आपल्या वाट्याची कोशिंबीर वहिनीच्या पानावर सरकवली. सगळी.

"न्हाय लावला हात अजून," तो म्हणाला. "उष्टी न्हाय, वैनी."

राही बसली. तिनं त्यातली अर्धी उचलली आणि परत भागोजीच्या पानावर ठेवली. डोळे भरले होते, पण मान खाली गेली नाही. गावानं बघावं म्हणून नव्हे. तिची मान खाली जायचीच नाही, तशी सवयच नव्हती तिला. मग तिनं चिमूटभर कोशिंबीर तोंडात घातली आणि सगळ्या बोरवाडीसमोर सावकाश चावली.

"मीठ बेताचं पडलंय," राही म्हणाली. "जेवा आता."

आणि सगळ्या पंगतीचे हात एकदम भाताला लागले.